विश्वासू जेम्स चुमा

आमच्या खडोलीपासून दमणचा समुद्रकिनारा काही फार लांब नाही. तेथे सहलीला जाणाऱ्यांना किल्ला दिसतो, पोर्तुगिजांनी बांधलेली चर्चे दिसतात. परंतु त्याच पोर्तुगिजांच्या अमलात आफ्रिकेतील माणसे गुलाम म्हणून गोवा, दमण व दीव येथे उतरवली जात, ही गोष्ट सहलीत कोणी सांगत नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्याचा इतिहास आफ्रिकी माणसांवाचून पुरा होत नाही. बालपणी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी हे शहर वसवले, आणि तेच पुढे औरंगाबाद व आज छत्रपती संभाजीनगर झाले. जंजिऱ्याचे सिद्दी तर शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असतात. परंतु याच किनाऱ्यावर, मुंबई शहरात, एका आफ्रिकी मुलाने ख्रिस्ताचा स्वीकार केला आणि पुढे त्याचे नाव साऱ्या जगाला कळले, हे आपल्या मंडळ्यांतील किती जणांना माहीत आहे? त्याचे नाव जेम्स चुमा. त्याच्या जीवनाची हकीकत वाचकांपुढे, विशेषतः शब्बाथ शाळेच्या शिक्षकांपुढे, ठेवावी असे वाटते.

गुलामांच्या तांड्यातून

चुमाचा जन्म १८५० च्या सुमारास पूर्व आफ्रिकेत, आज ज्याला मलावी सरोवर म्हणतात त्या न्यासा सरोवराच्या बाजूच्या प्रदेशात झाला. तो याओ जमातीचा. त्या काळी या प्रदेशावर गुलामांच्या व्यापाराची काळी छाया पसरली होती. गावांवर रात्री धाडी पडत, घरे जाळली जात, आणि धरलेल्या माणसांच्या मानेत दुबेळक्याची जड लाकडे अडकवून त्यांना शेकडो मैल चालवत समुद्राकडे नेले जाई. जे चालू शकत नसत ते वाटेतच मरत. किनाऱ्यावर पोचलेल्यांचा बाजार झांजिबार बेटावर भरे. हा व्यापार परक्यांनीच चालवला असे नाही. एक जमात दुसरीला विके, आणि कधी कधी नातलगही मुलाला विकून टाकीत. लहानगा चुमाही असाच विकला गेला होता.

१८६१ च्या जुलै महिन्यात डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन, बिशप मॅकेन्झी आणि त्यांचे सोबती शिरे नदीच्या डोंगराळ भागातून जात असताना त्यांना असे तांडे भेटले. त्यांनी ते अडवले आणि माणसे मुक्त केली. एका तांड्यात ८४ जण होते, बहुतेक बायका व मुले. मानेतली लाकडे करवतीने कापून काढण्यात आली आणि त्याच लाकडांच्या जाळावर त्या भुकेल्या जिवांनी अन्न शिजवून खाल्ले. त्या दिवसांत सुटलेल्या मुलांमध्ये चुमा होता. वय असेल दहा-अकरा वर्षांचे. त्याच्यासारखाच दुसरा एक मुलगा होता, वेकातानी. ही मुले बिशप मॅकेन्झी यांच्या मिशनजवळ राहू लागली. परंतु १८६२ च्या जानेवारीत बिशप तापाने वारले. दुष्काळ आणि रोगराई यांमुळे मिशनला तो प्रदेश सोडावा लागला. आता या पोरक्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. मागे ठेवली असती तर ती पुन्हा गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडण्याचे भय होते.

मुंबई बंदरात

लिव्हिंग्स्टन यांच्याजवळ लेडी न्यासा नावाची एक लहानशी आगबोट होती. ती सरोवरावर चालवण्यासाठी बांधलेली. झांजिबारला ती विकली तर गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या उपयोगी पडेल, म्हणून ती मुंबईस नेऊन विकावी असे त्यांनी ठरवले. १८६४ च्या एप्रिल अखेरीस ते झांजिबारहून निघाले. सोबत तीन युरोपियन, झांबेझी नदीकाठचे सात आफ्रिकी, आणि चुमा व वेकातानी ही दोन मुले. त्या सात जणांनी पूर्वी समुद्र पाहिलेला नव्हता. तरी सुमारे २,५०० मैलांचा समुद्र त्या इवल्याशा बोटीने ४५ दिवसांत ओलांडला, आणि १३ जून रोजी, पावसाळा तोंडावर आलेला असताना, ती मुंबई बंदरात शिरली. बोट एवढी लहान होती की ती आल्याचे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

मुंबईत त्या वेळी स्कॉटिश मिशनचे डॉ. जॉन विल्सन हे कार्य करीत होते. १८२९ साली ते या शहरात आले, मराठी शिकले, आणि त्यांनी काढलेल्या शाळेचेच पुढे विल्सन कॉलेज झाले. त्यांना आफ्रिकी मुले नवी नव्हती. पूर्वी ॲबिसिनियातील दोन भाऊ त्यांच्याकडे शिकून गेले होते. लिव्हिंग्स्टन यांनी चुमा व वेकातानी यांना त्यांच्या हवाली केले आणि ते स्वदेशी गेले. त्यांच्याच लोकांपैकी सुसी आणि अमोदा हे दोघे तरुण गोदीत कामाला लागले.

अशा रीतीने न्यासाकाठचा हा मुलगा मुंबईच्या शाळेत मराठी, गुजराती, पारशी, बेने इस्राएल अशा नाना लोकांच्या शहरात राहू लागला. तो चुणचुणीत होता आणि बोलका होता. इंग्रजी त्याने लवकर उचलली. नवी भाषा कानावर पडली की ती जिभेवर यावी, अशी देणगीच त्याला लाभली होती. त्याच शाळेत त्याने पवित्र शास्त्राचा अभ्यास केला. १८६५ च्या सप्टेंबरात लिव्हिंग्स्टन पुन्हा मुंबईस आले, तेव्हा मुले बरीच तयार झालेली त्यांना आढळली. १० डिसेंबर १८६५ रोजी डॉ. विल्सन यांनी दोघांना बाप्तिस्मा दिला. एक झाला जेम्स चुमा, दुसरा जॉन वेकातानी. मंडळीच्या इतिहासात या तारखेला महत्त्व आहे. परंतु तिची आठवण आपण ठेवलेली नाही.

शरणपूरचे आफ्रिकी बांधव

येथे नाशिकजवळच्या शरणपूरची आठवण केलीच पाहिजे. चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्ह. विल्यम साल्टर प्राइस यांनी शरणपूरची ख्रिस्ती वसाहत उभी केली. इंग्रजांची लढाऊ जहाजे समुद्रावर गुलामांची गलबते पकडत आणि सोडवलेली अनेक मुले मुंबईस आणून उतरवत. त्यांपैकी कित्येकांना शरणपूरच्या आफ्रिकी आश्रमात ठेवण्यात येई. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे, सुतारकाम, लोहारकाम असे शिक्षण मिळे. आफ्रिकेत पुढे ही मंडळी नाशिकची मुले किंवा बॉम्बे आफ्रिकन या नावाने ओळखली गेली. लिव्हिंग्स्टन यांनी आपल्या नव्या प्रवासासाठी नाशिकहून नऊ तरुण घेतले. चुमा, वेकातानी, सुसी व अमोदा हेही निघाले. ३ जानेवारी १८६६ रोजी मुंबईचा किनारा मागे पडला. जहाजावर मुंबईच्या मरीन बटालियनचे शिपाई होते, उंट, म्हशी, खेचरे व गाढवेही होती.

सात वर्षांची वाट

हा प्रवास वर्षा-दोन वर्षांत संपेल असा अंदाज होता. तो सात वर्षे चालला. जनावरे पहिल्या काही महिन्यांतच मेली. शिपायांना परत पाठवावे लागले. जोहाना बेटावरचे लोक पळून गेले आणि लिव्हिंग्स्टन मारले गेले अशी खोटी बातमी त्यांनी पसरवली. वेकातानीला आपले नातलग सापडल्यासारखे वाटले आणि तो त्यांच्याजवळ राहिला. चुमा मात्र पुढे चालत राहिला. १८६७ च्या आरंभी औषधांची पेटी घेऊन दोघे हमाल पळाले. तेथून पुढे आजारपण हेच लिव्हिंग्स्टन यांचे कायमचे सोबती झाले.

चुमा हा पहिल्या दिवसापासून संत होता असे सांगणे खरे होणार नाही. १८६८ साली लिव्हिंग्स्टन बांगवेउलू सरोवराकडे निघाले, तेव्हा बहुतेकांनी पुढे जाण्यास नकार दिला. वर्षानुवर्षे दलदलीतून चालून ते थकले होते. त्या नकार देणाऱ्यांमध्ये चुमा होता आणि सुसीही होता. लिव्हिंग्स्टन पाच माणसे घेऊन गेले व काही महिन्यांनी परतले. तेव्हा त्यांनी या सर्वांना पुन्हा कामावर घेतले. आपल्यातही उणिवा आहेत, हे ध्यानात ठेवून त्यांनी क्षमा केली. शब्बाथ शाळेत ही गोष्ट वगळू नये. मुलांना चुकलेल्या माणसांच्याही गोष्टी ऐकण्याची गरज असते. ज्याला क्षमा मिळाली त्याने पुढे काय केले, हे पाहण्यासारखे आहे.

१८७१ च्या शरद ऋतूत उजिजी गावी वार्ताहर स्टॅन्ली यांनी लिव्हिंग्स्टन यांना शोधून काढले. ते परत गेल्यावर त्यांनी पाठवलेली ५७ माणसांची नवी तुकडी १८७२ च्या ऑगस्टमध्ये येऊन मिळाली. तिच्यात जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फरार असे शरणपूरला शिकलेले आणखी तरुण होते. मुंबईची शाळा आणि नाशिकचा आश्रम यांची लेकरे अशी आफ्रिकेच्या मध्यभागी एकत्र आली.

चितांबोच्या गावी

१८७३ च्या पावसाळ्यात बांगवेउलूच्या दलदलीत लिव्हिंग्स्टन यांची प्रकृती पार ढासळली. सोबत्यांनी त्यांना डोलीत घालून इलाला प्रदेशात चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावी नेले आणि एक झोपडी बांधून दिली. १ मेच्या पहाटे ते बिछान्याशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले.

आता ही माणसे स्वतंत्र होती. कोणी मालक उरला नव्हता, कोणी साहेब पाहणारा नव्हता. त्या मुलखात प्रेताला लोक भीत. प्रेत बाळगणाऱ्यांवर भारी दंड बसण्याचा किंवा हल्ला होण्याचा धोका होता. तेथेच पुरून आपापल्या वाटेला लागणे सर्वांत सोपे होते आणि त्यांना कोणी दोष दिला नसता. परंतु सर्वांनी एकत्र बसून विचार केला. सुसी व चुमा यांना त्यांनी आपले पुढारी केले, आणि देह समुद्रापर्यंत न्यायचा असा निर्णय झाला. चुमांचे वय त्या वेळी तेवीसच्या आसपास होते.

त्यांनी गावाबाहेर कुंपणाची जागा तयार केली. फरजल्ला यांनी कॅरस फरार यांच्या मदतीने देहातील हृदय व आतडी काढली, आणि ती पत्र्याच्या पेटीत घालून एका म्वुला वृक्षाखाली पुरली. जेकब वेनराइट यांनी प्रार्थनापुस्तकातून दफनविधी वाचला आणि झाडाच्या बुंध्यावर नाव व तारीख कोरली. नाशिकला शिकलेल्या हाताने आफ्रिकेच्या अरण्यात केलेले ते कोरीव काम होते. देहाला मीठ लावून तो दोन आठवडे उन्हात वाळवण्यात आला. मग कापडात गुंडाळून, झाडाच्या सालीच्या नळीत घालून, वरून शिडाचे कापड शिवून, डांबर फासून तो एका दांड्याला बांधला. लिव्हिंग्स्टन यांच्या वह्या, नकाशे, उपकरणे सारे मोजून जपून ठेवले.

मग ती वाट सुरू झाली. हजार मैलांहून लांब. आरंभीच तापाने सर्वांना गाठले आणि महिनाभर खोळंबावे लागले. काही जण वाटेतच दगावले. एका तटबंदीच्या गावाशी भांडण पेटले, रक्त सांडले आणि घरे जळाली. हा डागही त्या प्रवासावर आहे. तांड्यात स्त्रिया होत्या. स्वयंपाक करणारी हलिमा होती, चुमांची पत्नी न्ताओएका होती. ओझी वाहणे, अन्न शिजवणे, आजाऱ्यांची शुश्रूषा यांत त्यांचा वाटा होता. पण इतिहासाने त्यांची नावे जेमतेम नोंदवली.

ऑक्टोबरात उन्यान्येंबे येथे इंग्रज अधिकारी लेफ्टनंट कॅमेरॉन यांचा तळ होता. चुमा तीन-चार माणसांसह पुढे गेले आणि जेकब यांनी लिहिलेले मृत्यूच्या बातमीचे पत्र त्यांनी तेथे पोचवले. पुढचा रस्ता धोक्याचा आहे, देह येथेच पुरावा, असा सल्ला कॅमेरॉन यांनी दिला. सल्ला देणारा गोरा अधिकारी, आणि ऐकणारे पूर्वीचे गुलाम. त्या काळी अशा सल्ल्याचा अर्थ हुकूम असाच होई. तरी चुमा, सुसी व त्यांच्या सोबत्यांनी नम्रपणे नकार दिला. पुढे कासेकेरा येथे प्रेत घेऊन जाऊ देण्यास लोकांनी हरकत घेतली. तेव्हा त्यांनी प्रेताच्या आकाराचे एक खोटे गाठोडे तयार करून, देह परत पाठवत आहोत असे भासवून ते मागे रवाना केले. खरा देह कापडाच्या गाठोड्याच्या आकारात बांधून पुढे नेला. वाहणाऱ्यांनी ते गाठोडे रात्री रानात फेकून दिले आणि ते परत येऊन मिळाले.

चितांबोचे गाव सोडल्यापासून नऊ महिन्यांनी, १८७४ च्या फेब्रुवारीत, ते बागामोयो येथे समुद्रकाठी पोचले. इस्राएल लोकांनी मिसर देशातून निघताना योसेफाच्या अस्थी बरोबर घेतल्या आणि रानातून वाहून नेल्या, ही कथा आपण मुलांना शिकवतो. चुमांनी ती मुंबईच्या शाळेत ऐकली असेल काय, कोण जाणे. पण त्यांनी ती जगून दाखवली.

समुद्रकाठी काय झाले

येथे एक खेदाची गोष्ट सांगणे भाग आहे. इंग्रजांच्या आरमाराचे जहाज देह घेऊन गेले. ज्यांनी तो एवढा दूर वाहिला त्यांना पगार चुकता करून मोकळे करण्यात आले. त्यांपैकी कोणी सोबत यावे याची तजवीज सरकारने केली नाही. चर्च मिशनरी सोसायटीने खर्च केला म्हणून एकटे जेकब वेनराइट विलायतेस जाऊ शकले. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत मोठ्या इतमामाने दफन झाले. शवपेटीच्या वाहकांत जेकब होते. चुमा व सुसी तेथे नव्हते.

पुढे लिव्हिंग्स्टन यांचे मित्र जेम्स यंग यांनी स्वतःच्या खर्चाने त्या दोघांना इंग्लंडला नेले. लिव्हिंग्स्टन यांच्या रोजनिशीचे संपादन रेव्ह. होरेस वॉलर करीत होते. त्यांच्या घरी बसून चुमा व सुसी यांनी अस्पष्ट जागा उलगडल्या, गावांची नावे सांगितली, आणि शेवटच्या दिवसांची हकीकत क्रमवार दिली. त्यांच्या स्मरणशक्तीवाचून ते पुस्तक पुरे झाले नसते. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने देह वाहणाऱ्या सर्वांसाठी पदके पाडून घेतली. परंतु तोवर ती माणसे आफ्रिकेत कोठकोठे पांगली होती आणि अनेकांच्या हाती आपले पदक कधी पडलेच नाही.

पुढारी चुमा

बहुतेक ठिकाणी चुमांची गोष्ट येथे संपवली जाते. जणू धन्याबरोबर नोकराचेही जीवन संपले! वास्तविक त्यांचे स्वतःचे कार्य यानंतर सुरू झाले. आफ्रिकेत परतून ते युनिव्हर्सिटीज मिशनच्या कामात शिरले. बिशप स्टीअर यांच्या प्रवासांत ते तांड्याचे म्होरके होते. १८७६ साली मुक्त झालेल्या गुलामांची वसाहत मसासी येथे वसवण्यात आली, त्या कार्यातही त्यांचा हात होता. एके काळी ज्या मुलखातून मुलांना बांधून समुद्राकडे नेले जाई, त्याच मुलखात चुमा मुक्त माणसांना परत घेऊन जात होते.

१८७९ साली कीथ जॉन्स्टन यांची सफर निघाली. तिच्यात सुमारे १५० माणसे होती आणि तांड्याचे प्रमुख होते चुमा. थोड्याच आठवड्यांत जॉन्स्टन वारले. सूत्रे जोसेफ थॉमसन या एकवीस वर्षांच्या तरुणाकडे आली. त्याला आफ्रिकेचा काहीच अनुभव नव्हता. चुमांनी त्याला सांभाळून न्यासा आणि टांगानिका या सरोवरांपर्यंत नेले व १८८० मध्ये सुखरूप परत आणले. माणसे निवडणे, ओझी वाटणे, गावप्रमुखांशी त्यांच्या भाषेत बोलून वाट मोकळी करून घेणे, तंटे मिटवणे ही सारी कामे त्यांची. थॉमसन यांनी आपल्या पुस्तकात त्यांची मुक्तकंठाने स्तुती केली आहे.

रानावनातल्या त्या कष्टांनी त्यांचे शरीर मात्र पोखरले होते. १८८२ साली क्षयरोगाने झांजिबार येथे ते वारले. वय अवघे बत्तीसच्या सुमाराचे. सुसी यांनी पुढे १८८६ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि डेव्हिड हे नाव धारण केले. शरणपूरच्या अनेक आफ्रिकी बांधवांनी मोंबासाजवळ रेव्ह. प्राइस यांनी वसवलेल्या फ्रिअर टाउन येथे जाऊन शिक्षक, कारागीर व उपदेशक म्हणून सेवा केली. मॅथ्यू वेलिंग्टन तर १९३५ पर्यंत हयात होते.

आपल्यासाठी

चुमांना लोक विश्वासू म्हणतात आणि ते खरेच आहे. पण त्या शब्दामागे विश्वासू नोकर एवढाच अर्थ घेतला तर त्यांच्यावर अन्याय होईल. लिव्हिंग्स्टन यांना आपण अहोजाहो करतो आणि चुमाला अरेतुरे. ही सवय आपल्या मनात कोठून आली याचा शोध घेण्यासारखा आहे. विश्वासूपणा हा गुलामाचा गुण नव्हे. गुलामाला दुसरी वाट नसते. चितांबोच्या गावी चुमांपुढे दुसरी वाट खुली होती, आणि तरी त्यांनी अवघड वाट धरली. फिलेमोनाच्या घरी परत आलेल्या अनेसिमाला दास न मानता प्रिय बंधू मानावे, असे पौलाने सुचवले. तोच मान चुमांनाही मिळाला पाहिजे.

शिक्षकांना एक विनंती. डिसेंबर महिन्यात आपण नाताळच्या तयारीत असतो. त्यातच १० तारखेच्या आसपासच्या एका रविवारी पंधरा मिनिटे या कथेला द्यावी. फळ्यावर आफ्रिका आणि आपला पश्चिम किनारा यांचा नकाशा काढावा. झांजिबार, मुंबई आणि नाशिक यांवर खुणा कराव्यात. मुलांनाच विचारावे की त्या झोपडीबाहेर आपण असतो तर काय केले असते. नाशिकला जाणाऱ्यांनी शरणपूर रोडवरून जाताना क्षणभर आठवण करावी की या परिसरात आफ्रिकेची लेकरे शिकली आणि त्यांनी येथे प्रार्थना केली. आपल्या वर्गात वेगळ्या रंगाचे, वेगळ्या बोलीचे, आदिवासी पाड्यावरून आलेले एखादे बुजरे मूल मागच्या रांगेत बसत असेल, तर त्याला त्या दिवशी पुढे बोलवावे. डॉ. विल्सन यांच्या शाळेत आलेला चुमाही असाच एक परका मुलगा होता.